आयसीयूत बेशुद्ध असलेल्या पेशंटसाठी घरच्यांनी डायरी लिहून काही उपयोग होतो का?

तुमचे वडील लातूरला व्हेंटिलेटरवर आहेत, झोपेच्या औषधावर ठेवलेत. कुणीतरी रोज वही लिहायला सांगितलं. पण ज्यांना शुद्धच नाही त्यांच्यासाठी लिहून काय होणार, असं तुम्ही विचारलंय.

मी लातूरच्याच एका आयसीयूत ब्रदर आहे. शुद्ध नाही म्हणूनच लिहा, बरे झाल्यावर त्यांना वाचायला.

त्या औषधावरचा माणूस पूर्ण झोपलेला नसतो. मशिनचे आवाज, उजेड, सक्शन म्हणजे नळीतून कफ ओढणं, हे सगळं अर्धवट आत जातं आणि डोकं त्यातून भलतंच काही जुळवतं. नळी उपसू नये म्हणून आम्ही हात पट्टीनं बांधतो, जागा झाल्यावर पेशंट घरच्यांना सांगतो, “हे लोक मला बांधून मारायलेत.” फवारणीचं औषध पोटात गेलेल्यांना उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं, त्यानंही भास होतात. हवेतून काहीतरी वेचत राहतात. पुढं घरी गेल्यावर खरे दिवस आठवत नाहीत, भास मात्र पक्के बसलेले असतात. लाजेनं बरेच जण बोलतही नाहीत.

अशा वह्यांची पद्धत डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडची. तिकडं नर्सच लिहितात, घरचे भर घालतात. २०१० साली युरोपातल्या ३५२ पेशंटचा अभ्यास छापून आला. आजारपणानंतर मनात बसणारी धास्ती, म्हणजे पीटीएसडी, वही मिळालेल्यांत ५ टक्के आणि न मिळालेल्यांत १३ टक्के निघाली. पण २०१९ साली फ्रान्समधल्या ३५ आयसीयूंच्या अभ्यासात तसा ठोस फरक दिसला नाही. त्यामुळं मी वहीला औषध म्हणणार नाही. तरी पेशंट कधी ना कधी विचारतोच, मला काय झालं होतं? तेव्हा घरातले चौघं चार गोष्टी सांगतात, वहीत मात्र त्या त्या दिवशीचं लिहिलेलं असतं.

लिहायचं त्यांच्याशी बोलल्यासारखं, वर तारीख टाकून. “आण्णा, आज मंगळवार. रात्री तुम्ही नळी ओढली म्हणून हात बांधलेत. खिडकीकडं बघून तुम्ही कुणाला तरी हाका मारल्यासारखं करत होता. आत्या परभणीहून आली, तुमच्या पायाला तेल लावलं. सोयाबीनची रास झाली.” एवढं पुरे. बीपीचे आकडे उतरवू नका, ते फाइलीत असतात. बिल, उसनवारी, योजनेची मंजुरी, भावाभावांची कुरबूर यांना वेगळी वही करा.

फोटो काढायचा तर आधी आम्हाला विचारा, आणि तो वहीतच राहू द्या. नळ्या लावलेला बाप व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवणारे रोज बघतो मी.

सुट्टी झाली त्याच दिवशी वही हातात देऊ नका. ते विचारतील तेव्हा द्या, वाचता येत नसेल तर शेजारी बसून वाचून दाखवा. कुणी कधीच मागत नाही, तेही ठीक. आणि तुम्हाला विचारवत नसेल तरी सांगतो: माणूस गेला तर वही घरच्यांचीच राहते. काहींना ती हवी असते, काहींना बघवत नाही.

एक राहिलं. तुम्हाला आत सोडतात ते थोडाच वेळ, बाकीची रात्र सिस्टरनं बघितलेली असते. तिला दोन ओळी लिहायला सांगा. फक्त ड्युटी बदलायच्या वेळी नको, राउंड उरकल्यावर विचारा.