डोमेन विकायचं ठरलंय? मग मालकाचं नाव आत्ता बदलू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. देवगडच्या मामांचं आंब्याच्या नावाचं जुनं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा डॉट कॉम पत्ता, पुण्याच्या कंपनीची विचारणा, मध्यस्थी तुमच्याकडे, आणि शेवटची ओळ: 'डोमेन अजून वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर आहे, उद्या मामांच्या नावावर करून घेतो आणि मग पुढचं बोलतो.' ते उद्या करू नका. आधी हे वाचा.

माझे काका गुहागरकडचे, बागायतदार. २००७ साली चिपळूणच्या एका मुलाकडून त्यांनी वेबसाइट करून घेतली. नाव छोटं, सरळ, बोलायला सोपं. वेबसाइट दोन वर्षांत बंद पडली, पण काका डोमेन दरवर्षी न चुकता रिन्यू करत राहिले. २०१८च्या ऑक्टोबरात हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच डिसेंबरात एका खरेदीदाराच्या ब्रोकरची मेल आली. काकांनी ती मला पाठवली, 'तू बघ' म्हणाले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साडेचार लाखांवर बोलणं पक्कं झालं. खरेदीदाराची अट एकच होती, फेब्रुवारीच्या आत नाव ताब्यात हवं. ते रास्तच होतं. पेट्यांचं बुकिंग तेव्हाच सुरू होतं, सीझन डोक्यावर आल्यावर नवीन नाव घेऊन कोण काय करणार?

मला वाटलं, व्यवहार स्वच्छ असावा. रजिस्ट्रारकडच्या, म्हणजे जिथे डोमेन नोंदवतात त्या कंपनीकडच्या, नोंदीत त्या मुलाच्या फर्मचं नाव आणि त्याची बंद पडलेली मेल होती. मी त्याच्याकडून खात्याचा ताबा घेतला आणि १० जानेवारीला मालकाचं नाव आणि मेल काकांचं केलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या ब्रोकरने ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा गुप्त कोड, मागितला, मी कोड काढायला गेलो, तर पानावर लाल अक्षरांत: ट्रान्सफर लॉक, ६० दिवस.

हा नियम आयकॅनचा, म्हणजे डोमेन नावांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, डिसेंबर २०१६ पासूनचा. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या मालकाचं नाव, संस्थेचं नाव किंवा मेल बदलली की त्यानंतर ६० दिवस ते डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. चोरलेलं डोमेन चोराने नाव बदलून लगेच पळवू नये म्हणून केलेला, हेतू चांगलाच आहे. हा लॉक नको असेल तर तसं बदलाची विनंती करण्याआधी सांगायची सोय रजिस्ट्रार देऊ शकतो. आमच्या रजिस्ट्रारच्या फॉर्मवर खाली त्यासाठी टिक करायचा चौकोन होता. मी तो वाचला नाही. एकदा बदल झाला की मागे फिरता येत नाही.

पण माझं खरं नुकसान त्यानंतर झालं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. रजिस्ट्रारच्या मदत कक्षाला मी नऊ वेळा लिहिलं. दर वेळी माणूस वेगळा, उत्तर तेच, छापील: 'धोरणानुसार ६० दिवस थांबावे.' मी स्पष्ट विचारलं होतं, की खरेदीदाराला हे डोमेन आत्ता देण्याचा कुठलाही मार्ग आहे का? उत्तर आलं, नाही. चार महिन्यांनी या धंद्यातल्या एका जुन्या माणसाकडून कळलं, की लॉक फक्त दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यावर असतो. खरेदीदाराने त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडलं असतं तर डोमेन या खात्यातून त्या खात्यात सरकवता आलं असतं. याला पुश म्हणतात, बऱ्याच ठिकाणी काही मिनिटांचं काम. रजिस्ट्रारची स्वतःची वेगळी अट असू शकते, पण निदान तशी सोय असते एवढं तरी सांगायचं! लॉक सुटेपर्यंतच मार्च उजाडला होता आणि खरेदीदाराने दुसरं नाव घेऊन टाकलं होतं. काका मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी रागावलेलं मला चाललं असतं.

म्हणून तुमच्यासाठी माझा क्रम असा. खात्याचा पासवर्ड आणि खात्याची मेल आधी ताब्यात घ्या, पण मालकाच्या रकान्यांना हात लावू नका. वेबसाइट करणाऱ्याकडून 'हे डोमेन मामांच्या पैशाने घेतलं, माझा हक्क नाही' असं सहीचं पत्र आणि मिळाल्यास जुनी बिलं घ्या. मग खरेदीदाराला विचारा, तुमचा रजिस्ट्रार कोणता? तोच असेल तर पुश. वेगळा असेल तर नाव न बदलता सरळ ट्रान्सफर. नाव बदलणं अगदीच टळत नसेल तर आधी तो चौकोन शोधा, नसेल तर लेखी विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. नियम बदलत असतात, तुमच्या रजिस्ट्रारकडे आजची स्थिती तपासा. आणि हे सगळं डॉट कॉमचं. डॉट इन निक्सी या भारतातल्या संस्थेच्या अखत्यारीत येतं, तिथलं वेगळं विचारा.

पैशाबाबत मामांना एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. काकांचा आयुष्यभराचा अनुभव वाशीच्या दलालाचा: 'अरे, माल गेला की पट्टी येतेच.' पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे. आंब्यात ते चालतं, कारण दलालाला पुढच्या वर्षी पुन्हा तुमचाच माल हवा असतो. डोमेन एकदाच जातं आणि परत आणणं फार कठीण. त्यामुळे एस्क्रोशिवाय, म्हणजे डोमेन पोचेपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवल्याशिवाय, ऑथ कोड कुणालाही देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. तिऱ्हाईत एस्क्रो सेवेकडे पैसे जमा झाल्याचं त्यांच्याच साइटवर लॉगिन करून पाहा, मेलमधल्या लिंकवरून नाही. एस्क्रोची फी कोण भरणार ते भाव ठरतानाच बोलून घ्या.

'आधी अमुक ठिकाणाहून मूल्यांकनाचा दाखला आणा, मग घेतो' असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. त्या दाखल्याची फी हाच त्यांचा धंदा असतो. किमतीच्या मोठ्या आकड्यांनाही भुलू नका. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं, ही बातमी मामांच्या कानावर कधीतरी येईलच. तो रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द होता आणि घेणाऱ्याला त्याच नावाने नवी सेवा काढायची होती. त्यावरून आपला आकडा काढू नका.

अजून एक. मामांच्या डोमेनमध्ये कुणाचा नोंदलेला ब्रँड नाही ना, हे बघा. असेल तर त्याच कंपनीला 'घेता का, इतके लाख' अशी मेल चुकूनही पाठवू नका. वाद झाला तर तीच मेल तुमच्या वाईट हेतूचा पुरावा म्हणून पुढे येते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं असं म्हटलंय. मी वकील नाही, शंका असेल तर वकिलाला दाखवा. कराचं सीएला विचारा, त्यावर मी काही सांगणार नाही.

आणि मामा सख्खे असले तरी कागद करा: किमान भाव, तुमची टक्केवारी, मुदत. अशा मध्यस्थीत मी दहा टक्क्यांच्या वर घेत नाही, आणि काकांकडून तर काहीच ठरलं नव्हतं. पण कागद असता तर 'नाव बदलण्याआधी दोघांनी बोलायचं' एवढं तरी त्यात आलं असतं.

मुदत संपायची तारीखही आजच बघा. बोलणी लांबतात आणि मधेच डोमेनची मुदत संपते. रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे मुदत संपून रद्द झालेलं डोमेन सोडवून घ्यायच्या शेवटच्या टप्प्यात, गेलं तर ३० दिवसांच्या आत सोडवून घ्यावं लागतं, तेही बऱ्याच जास्त पैशांत.

काकांचं डोमेन अजून त्यांच्याकडेच आहे. त्यानंतर दोन विचारणा आल्या, दोन्ही पहिल्या भावाच्या निम्म्याही नव्हत्या. तुम्ही रजिस्ट्रार कोणता आहे ते इथे लिहा, त्यांच्या फॉर्मवर तो चौकोन कुठे असतो ते माहीत असेल तर सांगतो. तोवर मामांना फोन करून तो बदल थांबवा.