वाचकांचे प्रश्न : पोपट सांगितलेले ऐकत नाही

प्रश्न : आमच्या घरी सात महिन्यांचा कॉकटील जातीचा पोपट आहे. त्याला मुलगा 'ये' म्हणतो, सासूबाई कोकणीतून 'यो' म्हणतात आणि मी 'हातावर बस' असे सांगते. परंतु पिंजऱ्यात हात घातला की तो फिसकारतो आणि परवा तर मुलाच्या बोटाला कडकडून चावला. पंख छाटल्यास तो लवकर वळणावर येईल, असे दुकानदार म्हणतो. काय करावे? — एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : पंख छाटू नयेत. उडून दूर जाता येत नाही हे कळल्यावर घाबरलेल्या पक्ष्याजवळ चोच हा एकच उपाय उरतो आणि त्यामुळे चावणे वाढण्याचीच शक्यता अधिक असते. शिवाय पिंजरा हे त्याचे घर आहे. तेथे अचानक शिरणाऱ्या हाताला तो शत्रू समजला, तर त्यात त्याचा दोष नाही.

आपल्याकडे शब्द आधी आला आणि कृती मागे राहिली, असे आपल्या पत्रावरून दिसते. जी कृती पक्षी अजून करतच नाही, तिचे नाव त्याला तीन प्रकारे ऐकवून उपयोग होत नाही. म्हणून पहिले काही दिवस कोणतीही आज्ञा देऊ नये. रोजच्या वाटीतील सूर्यफुलाच्या बिया काढून घ्याव्यात आणि त्या केवळ बक्षीस म्हणून हाताने द्याव्यात. टोक बोथट केलेली बांबूची काडी गजांबाहेरून दाखवावी. त्याने तिला चोच लावताच 'शाब्बास' म्हणून लगेच एक बी द्यावी. शाब्बासकीला दोन-तीन सेकंदांचा जरी उशीर झाला, तरी ती नेमकी कशाबद्दल मिळाली हे त्याला उमगत नाही. काडीमागे तो दांडीवर इकडून तिकडे जाऊ लागला की पिंजऱ्याचे दार उघडून काडी अशी धरावी की तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला आपल्या बोटावर पाय ठेवावा लागेल.

येथे बहुतेकांची एक चूक होते, आणि मीही ती अनेकदा केली आहे. बोटावर चढण्यापूर्वी पोपट चोचीने बोट चाचपतो. फांदी भक्कम आहे की नाही, हे तो तसेच पाहतो. आपण तो चावा समजून हात मागे घेतो आणि हा आधार डळमळीत आहे, अशी त्याची खात्री पटते. बोट त्याच्या पायांच्या किंचित वर, पोटाशी, स्थिर धरावे. मात्र त्याने तुरा मागे चिकटवला, मान खाली घातली किंवा फिसकारले, तर तो नकार समजून चावण्याची वेळ येण्याआधीच थांबावे.

दहा वेळांपैकी आठ वेळा तो आपणहून बोटावर येऊ लागला, की मगच शब्द जोडावा, तोही बोट पुढे करण्याच्या अगदी आधी आणि एकदाच. शब्द कोणता, हे घरात ठरवून घ्यावे. दिवसभर त्याच्याजवळ सासूबाई असतील, तर 'यो' हाच बरा. पोपटाला मराठी काय आणि कोकणी काय, घरातील सर्वांचा शब्द एक असला म्हणजे झाले. 'जा' शिकवताना हात दांडीच्या किंचित खाली न्यावा, कारण पक्ष्याला वर चढणे सोपे वाटते, आणि बी दांडीवर गेल्यानंतरच द्यावी. 'बस', म्हणजे एका जागी थांबणे, सर्वांत शेवटी घ्यावे.

हा सराव सकाळच्या खाण्याआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी पाच मिनिटे पुरे. त्यासाठी पक्ष्याला उपाशी ठेवू नये. बाहेर काढताना छताचा पंखा बंद असावा. नॉनस्टिक तवा जास्त तापल्यास त्याच्या धुराने पक्षी दगावतो, हेही ध्यानात असू द्यावे. पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेमुळे बियांना बुरशी येते, म्हणून त्या थोड्या थोड्या आणाव्यात. कॉकटील रात्री दचकून पिंजऱ्यात फडफडतात. दिवाळीतील नरकासुराच्या रात्री बाहेर गोंगाट असतो, म्हणून त्याला आतल्या खोलीत मंद दिवा लावून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सरावाला सुट्टी द्यावी.

प्रश्न : वाऱ्याने पडलेल्या माडाच्या ढोलीत हिरव्या पोपटाचे पिल्लू सापडले. ते पाळून बोलायला शिकवता येईल का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. आपल्याकडील रानटी पोपटांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे, त्यामुळे ते घरी पाळणे हा गुन्हा ठरतो. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, म्हणून त्याची गोष्ट वेगळी. पिल्लाला भोके पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे; दूध पाजू नये, चोचीत पाणी ओतू नये आणि जवळच्या वनखात्याच्या कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे.