नाव बदलावंसं वाटतं, पण घरच्यांना काय वाटेल?

कॉलेजमधल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. नाव जुनाट वाटतं, लोक हसतात, बदलायचं मनात आहे, पण ज्यांनी ठेवलं त्यांना दुखवायचं नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाबरोबर झालेलं समुपदेशनाचं काम इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्याचं खरं नावही देत नाही, त्याच धाटणीचं दुसरं घेते: दगडू.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून तो पुण्यात शिकायला आला होता. गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरवलेलं, नावाची बाजू शर्टाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त ‘डी’. हजेरी घेताना त्याचा नंबर जवळ आला की छातीत धडधडायचं, कारण मागच्या बाकावरची चार मुलं ठरल्यासारखी खाकरायची. वर्गात दोन ओंकार, तीन अथर्व, आदित्य, यश आणि त्यात हा एकटा दगडू. प्रेझेंटेशनच्या दिवशी तो आजारी पडायचा. ‘‘मॅडम, नाव बदलायचा गॅझेटचा, म्हणजे राजपत्राचा फॉर्म कसा भरायचा तेवढं सांगा,’’ एवढंच त्याचं मागणं होतं.

अशा मुलाला थोरामोठ्यांचे दाखले देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. धोंडो केशव कर्वे याच नावानिशी जगले, 1958 साली भारतरत्न झाले, हे खरंच आहे. पण हजेरीला ज्याच्या पोटात गोळा येतो त्याला त्यातून धीर मिळत नाही. आपलं दुखणं यांना क्षुल्लक वाटतंय, एवढंच त्याला कळतं.

मी त्याला विचारलं, हे नाव नेमकं कुठे टोचतं? त्याने विचार करून सांगितलं. गावी कधीच नाही. बँकेत, एसटीच्या आरक्षणाला नाही. मेसच्या काकू हाक मारतात तेव्हाही नाही. टोचतं ते त्या एका वर्गात, त्या चौघांमुळे. म्हणजे आमच्यापुढे दोन वेगळी कामं होती. चिडवण्याचा बंदोबस्त आत्ता करायचा होता, नावाचा निर्णय सवडीने घेता येणार होता. त्याच्या संमतीने मी वर्गशिक्षकांशी बोलले. माझ्या खोलीत आम्ही एक साधा सराव सुरू केला: समोर बघून स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं. पहिल्यांदा त्याने ‘द’ म्हणून बाकीचं गिळलंच.

आणि एक काम घरी करायला दिलं. नाव कोणी ठेवलं आणि का, हे विचारून यायचं.

दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ही नावं कोणी हौसेने ठेवत नसे. मागची मुलं दगावलेली असली की नव्या बाळाला असं नाव मिळायचं, कारण टाकाऊ वस्तूकडे ना दृष्ट वळते ना मृत्यू, अशी समजूत होती. बाळाला उकिरड्यावर ठेवून उचलून आणायचे, तो उकिरडा किंवा कचरू. मुलाचं नाक टोचायचे, तो नथू. सटवाई नशीब लिहिते म्हणून तिच्याच ओटीत घातलेला सटवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे हजारातली दोनशेच्या आसपास मुलं वर्ष पुरं व्हायच्या आत जात. आज महाराष्ट्रात हे प्रमाण वीसच्याही खाली आलं आहे. जुनी नावं हल्ली परत येताहेत, बालवाडीत शौर्य-विहानच्या शेजारी रमा, राधा, मुक्ता बसलेल्या दिसतात. दगडू मात्र परत येत नाही. लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, आणि ज्या भीतीपोटी हे नाव ठेवलं जाई ती भीतीच ओसरली.

सुट्टीवरून आला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या आधी दोन भाऊ होऊन गेले होते. एक जन्मताच गेला, एक बाराव्याच्याही आधी, बारसं न होताच. हे घरात कोणी बोलायचं नाही. याच्या वेळी आत्याने आणलेलं नाव बाजूला ठेवून आज्जीनेच पाळण्याजवळ हे नाव उच्चारलं. याला काही ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी आम्ही नावाबद्दल फारसं बोललो नाही, त्या दोन भावांबद्दल बोललो.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. ‘आधी घरी विचार’ हा सल्ला मी सरसकट देत नाही. वरवर अशीच वाटणारी दुसरी नावं आहेत: नकुशा, नकोशी. दगडूला घर जिवापाड जपत होतं. नकुशाला मुलगी झाली म्हणून घराने तोंड फिरवलेलं असतं. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात 285 नकुशांना समारंभाने नवी नावं दिली गेली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली. तशी मुलगी माझ्याकडे आली तर तिला नावामागची गोष्ट शोधायला पाठवणार नाही. ती तिला पुरेपूर माहीत असते. तिच्याबरोबर बसून मी अर्ज भरेन.

दगडूचं काय झालं? त्याने नाव बदललं. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केला, मग आधार, पॅन, बँक. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांना राजपत्राची प्रत जोडायची, हे त्याने आता फाइलवरच लिहून ठेवलंय. अर्ज करण्याआधी तो गावी जाऊन आज्जीशी बोलला. ती रडेल म्हणून तो इतके महिने अडला होता. ती म्हणाली, ‘‘बदल की लेकरा. तवा जिवाचं भ्या हुतं, आता काय हाय?’’ नवं नाव तिच्याच पसंतीचं आहे. हाक मात्र ती जुन्याच नावाने मारते, आणि त्याची त्याला हरकत नाही.

तो अजून येतो. त्या चौघांनी हजेरीच्या वेळी खाकरणं कधीच सोडलं, पण चार माणसांपुढे उभं राहिलं की त्याचा आवाज अजून बसतो. ही अडचण नाव बदलल्याने गेली नाही. कॅम्पस मुलाखती जवळ आल्या आहेत, सध्या आम्ही त्यावर काम करतोय.