राजस्थानात ‘आरोग्याच्या हक्का’विरुद्ध डॉक्टरच रस्त्यावर का उतरले?

तुमचा प्रश्न असा आहे: 2023 मध्ये राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा डॉक्टरांनीच संप केला. सगळ्यांना उपचार मिळावेत याला कुणाचा विरोध असूच कसा शकतो?

मी डॉक्टर नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 22 खाटांच्या खासगी हॉस्पिटलात 14 वर्षं काउंटरवर बसते. केसपेपर, डिपॉझिट, बिल, योजनांचे क्लेम सगळं माझ्या हातून जातं. त्यामुळे हा वाद मला टीव्हीवर बघून कळलेला नाही, तो रोज माझ्या टेबलावर असतो. मी त्या कायद्याच्या बाजूची आहे हे आधीच सांगते. पण विरोध करणारे सगळे पैशाला हपापलेले होते असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही.

आधी कायदा काय होता ते. 21 मार्च 2023 ला राजस्थान विधानसभेने तो मंजूर केला. आरोग्याला कायदेशीर हक्काचं रूप देणारं ते देशातलं पहिलं राज्य. सरकारी दवाखान्यातले उपचार मोफत, यावर कुणाचं भांडण नव्हतं. भांडण झालं ते एका कलमावर: अपघात, साप किंवा जनावर चावणं, बाळंतपणातली गुंतागुंत अशा तातडीच्या वेळी दवाखाना सरकारी असो की खासगी, आगाऊ पैसे न मागता उपचार करायचे. नंतर रुग्णाने पैसे दिले नाहीत तर सरकार ते भरून देईल. नियम मोडला तर पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर 25,000 पर्यंत.

यावर खासगी दवाखाने दोन आठवडे बंद राहिले. जयपूरला मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेने, इंडियन मेडिकल असोसिएशनने, 27 मार्चला देशभर काळा दिवस पाळला, आणि 29 मार्चला सरकारी डॉक्टरही एक दिवस कामावर गेले नाहीत. तडजोड झाली 4 एप्रिलला.

आता विरोध का, ते. ‘सरकार भरून देईल’ हे तीन शब्द तुम्ही वाचता तेव्हा तुम्हाला दिलासा वाटतो. माझ्यासारखीला लगेच प्रश्न पडतात: किती दिवसांत? कुठल्या दराने? आणि नाही दिले तर मी कुणाच्या दारात जाऊ? कायद्यात याची उत्तरं नव्हती, ती पुढे नियमांत येणार होती.

छोट्या हॉस्पिटलचा पैसा कसा फिरतो ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. औषधांचा स्टॉकिस्ट फार तर 3 आठवडे उधारी देतो. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, केस झाली की त्याच रात्री त्यांचे पैसे द्यावे लागतात. ऑक्सिजनवाला भरलेला सिलिंडर उतरवतानाच मागच्या बिलाचं विचारतो. सिस्टर लोकांचा पगार 7 तारखेला, तो चुकवला तर पुढच्या महिन्यात ड्यूटीला माणूस नाही. हे सगळे आज पैसे मागतात, आणि सरकारी क्लेम येतो तो कधीतरी. आम्ही एका योजनेत होतो. फाइल पाठवायची, मग स्क्रीनवर ‘क्वेरी’ यायची: टाक्यांचा फोटो स्पष्ट नाही, डिस्चार्जच्या कागदावर तारीख पुसट आहे. पेशंट तोवर बरा होऊन घरी गेलेला. त्याला फोन करून पोटाचा फोटो काढून पाठवायला मी सांगितलेलं आहे. एका वर्षी आमचे क्लेम 8 महिने अडकले. सरांनी, म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी, घराच्या कागदांवर कर्ज काढून पगार केले. त्यानंतर त्या योजनेतून आम्ही बाहेर पडलो, आणि त्याचा भुर्दंड कुणाला बसला तर आमच्याच पंचक्रोशीतल्या गरिबाला.

म्हणून जयपूरचे डॉक्टर रस्त्यावर आले तेव्हा आमच्या सरांना त्यांचं म्हणणं एका वाक्यात कळलं. सरकारने हक्क जाहीर केला, पण त्याची उधारी आमच्या वहीत लिहिली.

दुसरी भीती ‘तातडी’ या शब्दाची. तातडी कुणी ठरवायची? रात्री 2 वाजता छातीत दुखतंय म्हणून 10 माणसं एखाद्याला त्वचारोगाच्या दवाखान्यात घेऊन आली, तर तिथल्या डॉक्टरने काय करायचं? त्याच्याकडे ना यंत्र, ना माणूस. उपचार केले आणि पेशंट दगावला तर काचा फुटणार, नाही केले तर दंड होणार. ही भीती काल्पनिक नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, आणि तरीही आमच्या काउंटरची काच दोनदा बदलून झाली आहे. राजस्थानच्या पहिल्या मसुद्यात तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर डॉक्टर नसलेली माणसं होती, त्यानेही डॉक्टर बिथरले.

तिसरं कारण संपाच्या फलकांवर लिहिलेलं नव्हतं, पण होतं. कुणाला दाखल करायचं आणि किती पैसे घ्यायचे हे ठरवायची मोकळीक खासगी दवाखान्यांना हातची जाऊ द्यायची नव्हती. डिपॉझिट हे त्याचंच हत्यार. 20,000 भरा म्हटलं की ज्याच्याकडे नाहीत तो आपोआप निघून जातो, ‘नाही’ म्हणावं लागत नाही. हे मी काउंटरवरून सांगते आहे, कारण ते वाक्य म्हणायचं काम माझं होतं. पुण्यात 2025 च्या एप्रिलमध्ये एका गरोदर बाईच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवरून केवढा संताप उसळला ते तुम्ही वाचलंच असेल. तातडीच्या पेशंटला नाकारू नये हे काही राजस्थानने नव्याने काढलेलं नाही. गाडीच्या धडकेत जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला पोलीस केस म्हणून दवाखान्याने घेतलं नाही, दुसरीकडे पाठवलं आणि तो वाटेत गेला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी. तेव्हा ‘कर्तव्य मान्य, पण सक्ती नको’ हा युक्तिवाद मला पोकळ वाटतो.

विरोध फक्त डॉक्टरांचाच असतो असंही नाही. कर भरणारा मध्यमवर्ग विचारतो की माझ्या पैशातून दुसऱ्यांना फुकट का. त्या माणसाला मी रोज बघते. त्याच्याकडे विमा असतो 3 लाखांचा, आयसीयूचं बिल होतं 7 लाख, आणि चौथ्या दिवशी तोच हळू आवाजात विचारतो की एखादी सरकारी योजना बसते का. आणि एक विरोध अगदी उलट बाजूने येतो, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आरोग्य चळवळीतली माणसं म्हणतात की खासगी दवाखान्यांना क्लेम देत बसण्यापेक्षा सरकारी दवाखाने उभे करा. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की सरकारचा आरोग्यावरचा खर्च 2025 पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या 2.5 टक्के करू. 2021-22 च्या सरकारी हिशेबात तो 1.84 टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चातले 39 टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले होते. आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला 5 लाखांपर्यंत. चांगलं आहे. पण ती मुख्यतः दाखल झालेल्या पेशंटसाठी. आमच्या मेडिकलच्या खिडकीवर साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या दर महिन्याला विकत घेणारी म्हातारी माणसं असतात, पंधराच दिवसांच्या द्या म्हणणारी. त्यांचा खर्च कुठल्याही क्लेममध्ये येत नाही.

डॉक्टरांचा असा संप जगात पहिल्यांदा झाला असंही समजू नका. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात 1 जुलै 1962 ला सरकारी आरोग्यविमा सगळ्यांना लागू झाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी संप सुरू केला. 23 दिवस चालला. ब्रिटनमधून डॉक्टर विमानाने आणावे लागले. भीती तीच: सरकारचे नोकर होऊ, पेशंट कुठला घ्यायचा ते सरकार ठरवेल. शेवटी समझोता झाला. डॉक्टर स्वतःच्याच दवाखान्यात राहिले, केलेल्या कामाचं बिल लावत राहिले, फक्त ते बिल करातून उभ्या केलेल्या पैशातून फिटू लागलं. 1972 पर्यंत कॅनडाच्या सगळ्या प्रांतांत ही पद्धत आली होती. तिथे आणि राजस्थानात मला एकच मोठा फरक दिसतो. तिथे आधी पैशाची सोय झाली आणि मग हक्क लागू झाला.

राजस्थानच्या तडजोडीत काय ठरलं तर 50 पेक्षा कमी खाटांचे खासगी दवाखाने कायद्याबाहेर, आणि ज्यांनी सरकारकडून जमीन किंवा इमारतीची सवलत घेतलेली नाही तेही बाहेर. संप मिटला. पण साप चावतो, ट्रॅक्टर उलटतो, बाई अडते त्या गावात 50 खाटांचं हॉस्पिटल असतं कुठे? जिथे पहिल्या तासाला माणूस पोचू शकतो तीच जागा कायद्यातून काढून टाकली. मग नियम निघायच्या आतच डिसेंबर 2023 मध्ये सरकार बदललं.

माझं मत विचाराल तर छोट्यांना वगळायला नको होतं, त्यांचे पैसे आधी द्यायला हवे होते. प्रत्येक तालुक्याला तातडीच्या उपचारांसाठी ठरावीक रक्कम आगाऊ द्या, खर्चाचा हिशेब मागून घ्या, दर छापून भिंतीवर लावा, आणि 15 दिवसांत क्लेम फिटला नाही तर त्यावर व्याज द्या. एवढं केलं असतं तर आमचे सर पहिल्या दिवशी सही करायला गेले असते. उरले असते ते फक्त डिपॉझिट सोडायला तयार नसलेले, आणि त्यांच्याशी मग उघड भांडता आलं असतं.

मी कायद्याच्या बाजूची का, ते सांगून थांबते. काही वर्षांपूर्वीची जानेवारी. साखर कारखान्याचा हंगाम जोरात चालू होता. रात्री साडेदहाला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून एका ऊसतोड कामगाराला आणलं. बीड जिल्ह्यातला, तिशीचा असेल. उसाच्या फडात पायाला घोणस चावली होती. ते आधी सरकारी रुग्णालयात जाऊन आले होते, तिथली लस त्या दिवशी संपली होती. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन पायरीवरच बसली, आत यायला घाबरत होती. रेशनकार्ड गावाकडे, पत्र्याच्या पेटीत. त्याशिवाय तेव्हा योजनेत नोंद होत नव्हती. आणि मी नियमाप्रमाणे म्हणाले, 20,000 भरावे लागतील.

त्यांना तोडीला आणणारा मुकादम खिशातून 5,000 काढत म्हणाला, “ताई, एवढं घ्या, बाकी सकाळी बघू.” मी सरांकडे पाहिलं. सिस्टरने तोवर काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटांचं घड्याळ लावलं होतं. या नळीतलं रक्त गोठलं नाही तर विष चढलंय असं समजायचं. मी त्या नळीकडे बघत होते आणि हातात पावतीपुस्तक होतं. सर म्हणाले, “पावती राहू दे, लस काढा.” रक्त गोठलं नव्हतं.

तो वाचला. सहाव्या दिवशी डिस्चार्ज झाला. सरांनी स्वतःची फी लावली नाही, पण लस, औषधं, लॅब धरून 31,000 झाले. मुकादमाने ते भरले. भरताना त्याने छोटी डायरी काढली, त्या जोडप्याचं पान उघडलं आणि आधीच्या उचलीखाली, म्हणजे मजुरीतून फेडायच्या आगाऊ पैशाखाली, 31,000 लिहिले. मग बायकोला बोलावून अंगठा घेतला. शाईचं पॅड माझ्याच टेबलावरचं होतं.

त्या कोयत्याची (ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात) उचल त्या हंगामात फिटायला आली होती, असं बायको आदल्या दिवशी मला सांगत होती. पोरीला पुढच्या वर्षी फडावर आणायचं नाही, आजीजवळ शाळेला ठेवायचं असं ठरलं होतं. पुढच्या नोव्हेंबरात ते परत आले तेव्हा ड्रेसिंगच्या निमित्ताने दवाखान्यात आले होते. पोरगी बरोबर होती.