वाचकांचे प्रश्न : भुकेसाठी चालणे

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या महिला मंडळाला बालकांच्या भुकेविरुद्ध जगभर एकाच दिवशी होणाऱ्या पदयात्रेत बडोद्यातून सहभागी होण्याचे निमंत्रण आले आहे. कमाटीबागेपासून सूरसागरापर्यंत चालायचे आणि आप्तेष्टांकडून देणगी गोळा करायची, असे ठरत आहे. माझे दीर मात्र म्हणतात, ‘‘वहिनी, तुम्ही चाललात म्हणून कोणाच्या ताटात भाकरी पडणार? पैसे पाठवा आणि घरी बसा.’’ त्यांना काय उत्तर द्यावे? शिवाय जमलेली रक्कम परदेशी पाठवावी की इथेच खर्च करावी?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : आपल्या दिरांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मंडळाने पाऊल उचलण्यापूर्वीच शोधले पाहिजे. चालण्याने भूक भागत नाही. परंतु चालणाऱ्या बाईला शेजारणीच्या, भावाच्या, दुकानदाराच्या दारात जाऊन ‘मी अमुक कारणासाठी चालणार आहे, आपण काय द्याल?’ असे विचारावे लागते, आणि घरी बसून पाठवलेल्या एका रकमेच्या जागी वीस घरांत तो विषय निघतो. अमेरिकेत चर्च वर्ल्ड सर्व्हिस या संस्थेच्या भूकनिवारण पदयात्रा 1969 पासून याच रीतीने चालत आल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमासाठी टीएनटी या डच कुरियर कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी 2003 मध्ये सुरू केलेली पदयात्रा पुढे अनेक देशांत पसरली, आणि तिचा रोख मुख्यतः शाळेतील मुलांच्या जेवणावर होता.

रकमेविषयी मला चर्च वर्ल्ड सर्व्हिसच्या यात्रांमधील एक नियम फार आवडतो. जमलेल्या पैशाचा पाव हिस्सा त्याच गावातील भूकनिवारणाच्या कामासाठी ठेवता येतो आणि उरलेला दूरच्या कामाकडे जातो. आपणही असाच ठराव करावा. जागतिक अन्न कार्यक्रमाचा सगळा खर्च स्वेच्छेने मिळणाऱ्या निधीवर चालतो, आणि युद्ध वा दुष्काळाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशांत अन्न पोहोचवण्याचे जे काम तो करतो, ते आपल्या मंडळाला कधीच करता येणार नाही. म्हणून तिकडे दिलेला पैसा वाया जात नाही. भारतात मात्र हा कार्यक्रम आता प्रामुख्याने सरकारी योजनांना तांत्रिक साहाय्य करतो, तेव्हा बडोद्यातील मुलासाठी काही करायचे असेल तर ते वेगळेच ठरवून करावे लागेल.

ते कसे करावे, हे सांगण्यापूर्वी भूक म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहा. अंगणवाडीत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती लाल, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांची एक अरुंद फीत गुंडाळतात. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर फीत लाल दाखवते आणि ते मूल तीव्र कुपोषित ठरते. एवढ्याशा हातात आईची बांगडी घातली तर ती कोपर ओलांडून खांद्यापर्यंत सहज सरकते. असे मूल रडतही नाही, स्वस्थ बसून राहते, आणि त्यामुळेच ते घरच्यांच्याही लक्षात येत नाही. जगात पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांमागे अपुऱ्या पोषणाचा हात असतो. ही मुले बहुधा अतिसार किंवा न्यूमोनियाने दगावतात, आणि नोंदीत भुकेचे नाव क्वचितच येते.

आपल्या राज्यात शाळेतील मध्याह्न भोजन 1984 मध्ये सुरू झाले, म्हणजे 1995 च्या राष्ट्रीय योजनेच्या आधी. आणि ज्या बडोदे संस्थानात छप्पन्नच्या (विक्रम संवत 1956, म्हणजे इ.स. 1899-1900 च्या) दुष्काळाची होरपळ ताजी असतानाच, 1906 मध्ये, सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे व मोफत केले, तिथे शाळेत उपाशी मूल असणे आपल्याला विशेष टोचले पाहिजे. गुजरातेतच रुजलेली ‘तिथिभोजना’ची प्रथा आपणास ठाऊक असेल. वाढदिवस, पुण्यतिथी किंवा सणाच्या निमित्ताने शाळेतल्या मुलांना नेहमीच्या भोजनाच्या जोडीने काही खाऊ घालता येते. आपला स्थानिक वाटा मी तिकडे लावीन, पण एका दिवसाच्या शिरा-पुरीवर नव्हे. मुख्याध्यापकांशी बोलून वर्षभर आठवड्यातून एक वार ठरवून घ्या आणि त्या दिवशी मोड आलेल्या मुगाची उसळ, शेंगदाण्याची चिक्की, केळे किंवा तूप-गुळाची सुखडी द्या. त्याहून लहान मुलांसाठी अंगणवाडीतून ‘बालशक्ती’ या पूरक पोषण आहाराची पाकिटे मिळतात. ती घरोघरी नेली जातात का आणि शिजवून त्या बाळालाच भरवली जातात का, हे मंडळातील दोघीतिघींनी अंगणवाडीच्या ताई आणि तेडागरबेन म्हणजे तिथल्या मदतनीस यांच्याबरोबर फिरून पाहिले, तर त्या पायपिटीला मी सूरसागरापर्यंतच्या पदयात्रेइतकेच मोल देईन. जमाखर्च लिहून मंडळाच्या फळ्यावर लावा आणि आपल्या दिरांना तो तपासायला बसवा.

प्रश्न : याच पदयात्रेसाठी आमच्या शाळेतील मुले फलक तयार करीत आहेत. त्यांवर कुपोषित बालकांची छायाचित्रे लावावीत का?
— एक शिक्षिका, मांडवी, बडोदे

उत्तर : लावू नयेत. बरगड्या दिसणाऱ्या त्या मुलालाही नाव आहे आणि आई आहे. आपले चित्र कोणाच्या हातात मिरवले जावे, हे त्याला कोणी विचारलेले नसते. शिवाय आपल्याच वर्गात सकाळी काही न खाता आलेले एखादे मूल तो फलक रंगवत असेल. फलकावर आकडा लिहावा : 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गुजरातेत पाच वर्षांखालील दर शंभर मुलांमागे 39 मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. शंभर चौकोन आखून त्यांतले 39 चौकोन मुलांना रंगवू द्या.