पहिला खर्डा तुझ्या हाताचा

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची कथा मिळाली. दिवाळी अंकाच्या संपादकांना श्रावण सरण्याआधी कथा हवी आणि वेळ थोडा, म्हणून तू चॅटजीपीटीकडून तीन मसुदे करवून घेतलेस, आवडलेले परिच्छेद एकत्र जुळवलेस आणि आता त्यांतले कोणते वाक्य आपले हे तुलाच सांगता येत नाही, असे तू लिहितेस. ते वाचून मला दोन रात्री स्वस्थ झोप लागली नाही. तू यंत्र वापरलेस याचे मला दुःख नाही. ते आधी वापरलेस, याचे आहे. पहिला खर्डा आपल्या हाताचा हवा.

कथेतली नरकचतुर्दशीची पहाट पुन्हा वाच. आजी ताटात चकल्या आणि अनारसे मांडते, अंगणात मुलांनी केलेला किल्ला आहे, नात त्याच्यापाशी पणती ठेवते. आणि कथा घडते गोव्यातल्या म्हार्दोळात! बाय, तुमच्या अंगणात किल्ला कधी होता? तिथे आंघोळ आटोपून आलेले प्रत्येक माणूस तुळशीसमोर डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडते, कडू रस जिभेला लावते आणि मग दुधातले, ताकातले, नारळाच्या रोसातले फोव खायला बसते. रात्रभर नरकासुराच्या पुतळ्यामागे हिंडलेली मुले त्याला पहाटे जाळून येतात, तेव्हा त्यांच्या केसांना गवताच्या धुराचा वास असतो. यातले काहीच तुझ्या कथेत नाही, कारण तू ते आठवण्यापूर्वीच दुसऱ्याला विचारलेस.

हे यंत्र आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव अधिक, हे ठरवत वाक्य पुढे नेते. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत दिवाळीवर जे अमाप लिहिले गेले, त्यात आपल्या गोमंतकातली पहाट मूठभर. ज्याचे लिहिणे अधिक, त्याची पहाट तुझ्या कथेत येणारच. म्हणून आपल्यासारख्यांनी तर पहिला खर्डा स्वतःच लिहिला पाहिजे. आपण नाही लिहिली, तर ती पहाट पुढच्या यंत्रालाही मिळणार नाही.

मी एवढा आग्रह का धरतो, तेही सांगतो. तुझ्या वयाचा असताना एका संपादकांनी मला कळवले की ‘फोव’ आणि ‘कारीट’ वाचकांना समजणार नाहीत. मी लगेच स्वतःच्या हाताने ते उतारे काढून टाकले. अंक आला, तेव्हा आईने चष्मा पुसून कथा वाचली आणि विचारले, “हे कोणाचे घर रे?” मूळ प्रत मी जपून ठेवली नव्हती, आणि आई आता नाही. त्यानंतर मी कोणाच्याही सांगण्यावरून गावचा शब्द बदलला नाही. काही कथा परत आल्या, कित्येक वर्षे मोठ्या अंकांतून माझे नाव दिसले नाही, आणि लोक मला हेकट म्हणाले. म्हणोत. माझे त्यात काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

वेळ नव्हता, हे कारण मला सांगू नकोस. दिवाळीची कथा आपण सगळेच कौलांवर पाऊस कोसळत असताना लिहितो. समोर ना कंदील असतो, ना थंडी. असते ती फक्त आठवण, आणि तीच उसनी आणायची म्हटल्यावर लिहायचे तरी काय उरले? संगणकाच्या साहाय्याने झालेल्या कृतीत ती घडवून आणणाऱ्या व्यक्तीला आपला कॉपीराइट कायदा लेखक म्हणतो, असे तू लिहिलेस. ते खरे आहे. पण मी हक्काबद्दल बोलत नाही, त्या पहाटेबद्दल बोलतो आहे.

खर्डा पुरा झाला की यंत्र खुशाल उघड. ऱ्हस्व-दीर्घ तपासून घे, नातीचे वय दोन प्रसंगांत जुळते का ते विचार, कथा कुठे रेंगाळते ते विचार. त्याच्याकडून प्रश्न घे, वाक्ये घेऊ नकोस. ते ‘फोव’चे ‘पोहे’ करील. तिथे ठाम राहा. आणि कोणते काम त्याच्याकडून करून घेतलेस, ते संपादकांना दोन ओळींत आधीच कळव.

तुझ्या पत्राच्या शेवटी, समासात, तू सहज लिहिले आहेस की आजीच्या अंगठ्याला दुपारपर्यंत कारिटाच्या दोन-चार बिया चिकटलेल्या असायच्या. कथा तिथून सुरू कर. चार पाने झाली की वहीच घेऊन ये, टंकलिखित प्रत नको. रविवारी दुपारी मी घरीच आहे.

तुझा,
काका