इलेक्ट्रिक सायकलच्या मोटर-बॅटरीची नियमित देखभाल कशी करावी?

सहा महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक सायकल घेतली, आता मोटर आणि बॅटरीला काय काय करावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं रोज अशी सायकल चालवतोय. मोटरला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. ती बंदिस्त असते आणि तुम्ही ती उघडूही नका. झिजते ती बाकीची सायकल. एक तर तिचं स्वतःचंच वजन वीस-पंचवीस किलो, त्यात मोटरचा जोर आणि वाढलेला वेग. हा सगळा ताण चेन, ब्रेक आणि चाकांवर येतो, म्हणून माझं बहुतेक लक्ष तिथेच असतं.

आधी मोटर कुठे आहे ते पाहा. पेडलपाशी असेल, तर तुमच्या पायांची आणि मोटरची अशी दोन्हींची ताकद एकाच चेनमधून मागच्या चाकाला जाते. अशी चेन साध्या सायकलपेक्षा फार लवकर ताणते. ताणलेली चेन तशीच वापरत राहिलात तर मागच्या चक्राचे दातही तिच्याबरोबर झिजतात आणि मग नुसती चेन बदलून भागत नाही. मोजायला स्टीलची पट्टी पुरते. चेनची एक पिन शून्यावर धरा. तिच्यापुढची चोविसावी पिन नव्या चेनमध्ये 304.8 मिलिमीटरवर येते. ती 306 च्या पुढे सरकली की मी चेन बदलतो. तेल घालण्याआधी चेन फडक्याने पुसून घ्या, कड्यांच्या सांध्यांत थेंब थेंब सोडा आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. आणि गिअर बदलताना पेडलवरचा जोर क्षणभर सोडायची सवय लावून घ्या.

मोटर मागच्या चाकात असेल, तर चेनवरचा भार कमी होतो, पण स्पोकवरचा वाढतो. माझ्या पहिल्या सायकलचं मागचं चाक थोडं डुगडुगत होतं. मी दुर्लक्ष केलं. आठवड्याभरात एक स्पोक तुटला आणि त्याचा भार शेजारच्यांवर आल्यामुळे पुढच्या चार दिवसांत आणखी दोन गेले. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी स्पोक जोडी-जोडीने बोटांत दाबून पाहतो. एखादा ढिला लागला की लगेच चाकाची आउट काढून घेतो, म्हणजे स्पोक कसून चाक सरळ करून घेतो. सायकल नवी असताना पहिल्या काही आठवड्यांत स्पोक बऱ्याचदा ढिले होतात, तेव्हा तुम्ही अजून ते पाहिले नसतील तर आजच पाहा. याच चाकाचे एक्सलचे नटही तपासा. मोटर चाक फिरवते तेव्हा एक्सलला उलट दिशेने पीळ बसतो. नट ढिले असतील तर एक्सल जागेवर फिरतो आणि त्यातून बाहेर आलेली वायर तुटते.

ब्रेक पॅड वेगामुळे आणि वजनामुळे लवकर संपतात. पॅडचं अस्तर एक मिलिमीटरवर आलं की बदला. चेनला तेल घालताना डिस्कवर थेंबही उडू देऊ नका, कारण तेल प्यायलेला पॅड सहसा टाकूनच द्यावा लागतो. बऱ्याच सायकलींत ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच असतो. तुमच्या सायकलला असेल तर तो दोन्ही ब्रेकना चालतोय ना, तेही अधूनमधून बघत जा.

टायरमधली हवा दर आठवड्याला बघा. दाबाचा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. हवा कमी असली की बॅटरी लवकर उतरते, हे तुम्हालाच जाणवेल.

धुताना जोराच्या फवाऱ्याचं पाणी मारू नका. ही सायकल पावसात चालते, पण फवाऱ्याने पाणी बेअरिंगमध्ये आणि कनेक्टरमध्ये घुसतं. सायकल बंद करून ओल्या फडक्याने पुसणं पुरेसं आहे. बॅटरीच्या जोडाचे पत्रे मात्र कोरडे आणि स्वच्छ राहिले पाहिजेत.

राहिली बॅटरी. तिची देखभाल म्हणजे चार्जिंगच्या सवयी. लिथियम बॅटरीला उष्णता आणि दीर्घकाळ पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं राहणं मानवत नाही. लांबून आल्यावर ती आधी निवू द्या, मगच चार्जर लावा. रोजच्या अंतराला 80 टक्के पुरत असेल तर तेवढीच भरा. अधूनमधून पूर्ण भरली तर आतल्या सेल एका पातळीवर यायला मदत होते. महिनाभर सायकल उभी राहणार असेल तर निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि मधे एकदा तपासा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर आतलं सर्किट थोडी थोडी वीज खात राहतं आणि ती पुन्हा चार्जच घेत नाही.

चार्जर बॅटरीबरोबर आलेलाच वापरा. झोपलेले असताना चार्जिंग करू नका, आणि घराबाहेर पडायची वाट अडेल अशा जागीही करू नका. बॅटरी जोरात आपटली, फुगली किंवा तिला विचित्र वास यायला लागला, तर ती पुन्हा एकदाही चार्ज करून पाहू नका. घराबाहेर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि विक्रेत्याला कळवा.